माझ्यासारखा एक

आमच्या दगडी पायऱ्यांच्या पाखाडीच्या तोंडाशी चहाचं एक हॉटेल होतं. त्याच्या भिंतीवर माझा फोटो होता, आणि एका दसऱ्याला हॉटेलच्या मालकाने त्या फोटोला झेंडूचा हार घातला. दोष त्याचा नव्हता. भिंतीवर ओळीने आधी देव, मग त्याचे वडील, मग त्याचे काका आणि शेवटी मी असे टांगलेले होतो. हार घालत घालत तो पुढे आला आणि त्याचा हात काही थांबला नाही. मी त्याच फोटोखाली बाकावर बसून बशीतला चहा फुंकत होतो. शेजारी रज्जाक होता, शाळेपासूनचा माझा सोबती आणि आमच्या टीमचा गोलकीपर. तो म्हणाला, "ऊठ रे. तुझ्या तेराव्याला वडे असतील, आता चहावर कशाला पोट भरायचं?" सगळे हसले, मीही हसलो. पण हार कुणी काढला नाही. तो तिथेच सुकला, काळा पडला, आणि माझं वय तेव्हा पंचविशीच्या जरा पुढे होतं.

फोटोत मी हवेत आहे. डावा पाय पुढे गेलाय, तोंड उघडं आहे, राजापूरच्या टीमचा गोलकीपर मातीत आडवा झालाय. चेंडू फोटोत नाही, कारण तो कधीच जाळ्यात गेलेला. बघणारे सगळे तो डावा पाय बघतात. मी उजवा बघतो. त्याच्या गुडघ्यावर गोणपाटाची पट्टी आवळून बांधलेली आहे, आणि क्षणभराने माझं सगळं वजन त्याच पायावर येऊन पडणार आहे, हे त्या फोटोतल्या पोराला अजून ठाऊक नाही. आजही मला स्वप्नात तो फोटो दिसतो तेव्हा मी त्याला सांगत असतो, मेल्या, खाली येऊ नकोस. तो ऐकत नाही. माझं तेव्हाही कुणी ऐकत नसे.

आम्ही पुळणीवर खेळून मोठे झालेलो. ओहोटी लागली की बंदराच्या अलीकडे ओल्या वाळूचा मोठा पट्टा उघडा पडायचा, तेच आमचं मैदान. भरती आली की मॅच संपली, मग कोण जिंकत होतं याला अर्थ नाही. वाळूचा एक गुण असा की ती पडणाऱ्याला झेलते. स्पर्धा मात्र वर कातळावरच्या मैदानात व्हायच्या. तिथे बोटभर लाल माती आणि खाली जांभा दगड. कातळ कुणाला झेलत नाही. फोटोतला गोल ज्या फायनलचा, तिच्या पहिल्या हाफमध्ये राजापूरच्या एका आडदांड बॅकने मला आडवं घेतलं आणि गुडघा आतल्या बाजूला सरकला. हाफ टाइमला आमचे कोच भाऊ माझ्यापुढे उकिडवे बसले. भाऊ बर्फाच्या फॅक्टरीत फिटर होते. डब्यातून फोडलेला बर्फ घेऊनच ते मॅचला यायचे. चालताना तो डबा खुळखुळायचा आणि आम्हाला वाटायचं, आले. त्यांनी बर्फ गोणपाटात घालून गुडघ्यावर धरला, मग त्याच गोणपाटाची पट्टी फाडून घट्ट बांधली, आणि विचारलं, "खेळशील?"

मी म्हणालो, "खेळणार."

पुढचं सगळं फोटोत आहे. फोटोत नाही तो आवाज, ओला बांबू फाडल्यासारखा. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, "घोरपड, घोरपड" ओरडत बंदरापर्यंत मिरवलं. चेंडू माझ्या पायाला घोरपडीसारखा चिकटतो म्हणून ते नाव पडलेलं. मी वरून हात हलवत होतो आणि रडत होतो, आणि लोकांना वाटत होतं पोरगं आनंदाने रडतंय. त्यानंतर मी कधी धावलो नाही. त्याचा एक फायदा झाला. पुढे मी कधी वाईट खेळलोच नाही, कारण पुढे मी खेळलोच नाही. ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांचे केस गेले, पोटं सुटली, पेनल्ट्या हुकल्या. मी भिंतीवर हवेतच राहिलो.

ते वर्ष मी आमच्या मागच्या पडवीत काढलं. वडील जहाजावर होते, वर्षातून एकदा यायचे, ते साबण आणि बिस्किटाचे डबे घेऊन. घरात आई आणि मी. पहाटे बंदरावरून बर्फ फोडायच्या मशीनची घरघर यायची, मग लिलावाची ओरड, मग आईच्या चुलीत फुंकणीचा आवाज. ती मोठ्या तपेल्यात निर्गुडीचा पाला उकळत ठेवायची. वाफ निघाली की माझा गुडघा त्यावर धरायचा, वरून जुनं लुगडं टाकायचं. त्या लुगड्याखाली निर्गुडीचा तो कडवट वास, आणि बाहेरून त्याच चुलीवर भाजणाऱ्या सुक्या बांगड्याचा. आजही कुणी सुका बांगडा भाजला की माझा गुडघा ठणकतो. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी मला मासे कमी करायला सांगितलं. शेक झाला की आई आंबेहळद उगाळून लावायची, आणि मग पेजेचं ताट पुढे सरकवताना दर वेळी तेच म्हणायची, "गोल बघायला सगळा गाव होता. गुडघा बघायला मी एकटी."

एकटी नव्हती ती. दर रविवारी भाऊ यायचे. पडवीच्या कठड्यावर टेकायचे, टोपी मांडीवर ठेवायचे. कॅनव्हासची पांढरी टोपी, घामाने कडेला पिवळी झालेली. मासळीचे भाव, फॅक्टरीतली भांडणं, पुढच्या वर्षीची टीम, सगळं बोलायचे, आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्या गुडघ्यावर जायची आणि लगेच आंब्याच्या झाडावर उडून बसायची. आईने दिलेली तांदळाची भाकरी आणि मुळ्यांचं, खाडीतल्या शिंपल्यांचं, सार ते खाली मान घालून खायचे. गुडघ्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही. मला वाटायचं, बोललो तर त्यांना वाटेल मी तक्रार करतोय. आता वाटतं, ते दर रविवारी त्याच तक्रारीची वाट बघत यायचे. तीन-चार वर्षांनी एका पावसाळ्यात ते गेले, आणि माझ्याकडून ती करायची राहून गेली.

त्यांच्या बाराव्याला त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, ती टोपी माझ्या हातात दिली. टीम चालवणाऱ्या मंडळाचे लोक तिथेच बसले होते. टोपी माझ्या हातात बघून त्यांचं ठरून गेलं. भाऊंनंतर कोच घोरपड. एवढा मोठा खेळाडू, त्याला काय शिकवायला जड जाणार? मलाही तेच वाटलं. रज्जाक तेवढा म्हणाला, "तू पोहायला शिकलास कसा, आठवतंय? तुझ्या बापाने बोटीवरून ढकललं. तुला शिकवता येतं म्हणजे तेवढंच येतं." मी त्याला म्हणालो, तू गोलमध्ये उभा राहा आणि गप राहा.

कोच म्हणून मी काय केलं ते सांगताना आता गंमत वाटते, तेव्हा अंगावर काटा यायचा. मला खेळता येत होतं, पण मला काय येत होतं ते मला माहीत नव्हतं. पोरं विचारायची, "घोरपडदादा, चेंडू कुठे पडणार ते तुम्हाला आधी कसं कळायचं?" मी म्हणायचो, "वास येतो." मी थट्टा करत नव्हतो, मला खरंच तसंच वाटायचं. मग पोरं मॅचमध्ये नाक वर करून पळायची. कोपऱ्यातून वळणारा फटका कसा मारायचा हे सांगता येईना, तेव्हा मी करून दाखवायला गेलो, उजवा पाय रोवला, तो रोवला गेला नाही, आणि मी पाठीवर पडलो. त्यानंतर आमचा लेफ्ट विंगर फटका मारण्याआधी किंचित लंगडायला लागला. त्याला वाटलं तोच त्यातला कावा. एकदा सरावानंतर बांबूचे गोलपोस्ट पुळणीवरच ठेवून मी घरी गेलो. वर्षानुवर्षं भरतीच्या वेळा तोंडपाठ असलेला मी, उधाणाचा दिवस विसरलो. दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरच्या जाळ्यात एक गोलपोस्ट सापडला. रज्जाक सगळ्यांना सांगत सुटला, "ह्या वर्षी आपल्या टीमचा गोल सापडला एकदाचा. खोल समुद्रात होता."

हरत होतो आम्ही. मालगुंडला हरलो, शहरातल्या मैदानात हरलो, ज्यांना आम्ही चेंडू उधार द्यायचो त्यांच्याशी हरलो. आणि हरताना प्रेक्षकांत कुणीतरी हमखास म्हणायचं, "घोरपडीला घ्या रे आत. एका पायाने पण बरा खेळेल." लोक प्रेमाने म्हणायचे. मी कडेला भाऊंची टोपी घालून उभा असायचो, आणि तोंड उघडलं की आतून भाऊंचेच शब्द यायचे. तेच "सरळ बघ, सरळ", तेच घसा खाकरणं. एकदा मी ओरडलो तेव्हा रज्जाक गोलमधून वळून म्हणाला, "भाऊ, तुम्ही जरा थांबा, ह्याला बोलू द्या." तो हसत म्हणाला, पण म्हणून झाल्यावर तोही हसायचा थांबला. कारण त्याच वेळी आम्हा दोघांनाही डब्यात बर्फ खुळखुळल्याचा आवाज आला होता. बहुतेक सोडावॉटरवाला असेल. बहुतेक.

कातळावरच्या मैदानात कॉर्नरजवळ एक राखणदार आहे. शेंदूर लावलेला दगड, वर एक वाकडं सुरंगीचं झाड. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, ही आमची रीत. गाऱ्हाणं वाडीचे मानकरी तात्या घालायचे. देवाशी बोलायला सवय लागते, कुणीही उठून बोलायचं नसतं. त्या वर्षी मात्र मी पुढे झालो. म्हटलं, हरतोय मी, मागायचंही मीच. तात्यांनी भुवई उडवली आणि नारळ माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "बा राखणदारा म्हाराजा, ही पोरं तुझी, हे मैदान तुझं. ह्या टीमला माझ्यासारखा एक दे, म्हाराजा." मागे सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. सगळ्यात मोठ्याने रज्जाकने, कारण खोबऱ्याचा मोठा तुकडा नेहमी त्याचा असायचा. तात्या परत येताना माझ्या बाजूने चालत होते. म्हणाले, "मागणं अर्धंच घातलंस."

"का, काय राहिलं?"

"तुझ्यासारखा म्हणजे कुठवर तुझ्यासारखा, ते नाय सांगितलंस. त्याला सगळं फोड करून सांगावं लागतं. नायतर तो आपल्याला जमेल तसं समजतो."

मी हसलो. पंधरवड्यात संत्या आला.

तो खलाशाचा मुलगा, एकोणीस-वीस वर्षांचा, बोटीवर जायचं नाही म्हणून घरातून भांडून आलेला. पुळणीवर पहिल्यांदा त्याच्या पायात चेंडू बघितला आणि माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. तसाच किंचित डावीकडे झुकून धावायचा. तसाच चेंडूकडे न बघता चेंडू ठेवायचा. मी त्याला एक गोष्ट शिकवली नाही, आणि म्हणूनच बहुधा तो चांगला खेळला. मी कडेवर उभा राहून नुसता बघायचो आणि पुढच्या क्षणी तो काय करणार ते मला आधी कळायचं. आयुष्यात पहिल्यांदा मला वास येतो म्हणजे काय ते कळलं. आम्ही जिंकायला लागलो. लोक मला "वा कोच" म्हणायला लागले आणि मी मान हलवून ते घेतलं. आणि एका संध्याकाळी, संत्याने गोल मारल्यावर, लोक ओरडले, "घोरपड, घोरपड." मी सवयीने हात वर केला. मग बघितलं तर मैदानात संत्यानेही हात वर केला होता. रज्जाकने दोघांकडे पाहिलं. "उतर आता खाली," तो मला म्हणाला, "फोटोतून."

मला त्या रात्री राग नाही आला, भीती वाटली. का ते सांगता येत नव्हतं.

सेमीफायनलला त्याला मार लागला. मॅच जिंकली, पण तो घरी निघाला तेव्हा पायरी उतरताना त्याचा गुडघा आत सरकलेला मी पाहिला, सैल बिजागरीच्या दारासारखा. मी त्याला घेऊन आमच्या घरी आलो. आई मागीलदारी कोलंबी सोलत होती. मी म्हटलं, आई, निर्गुडी टाक. तिने हात धुतले, तपेलं चुलीवर चढवलं, संत्याला पडवीत माझ्याच जागी बसवलं. जुनं लुगडं आणलं. त्याचा गुडघा हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी वाटीच्या बाजूने दाबत गेली, आणि मग थांबली.

"हा गुडघा मी बघितलाय," ती म्हणाली.

"अगं, हा संत्या. पहिल्यांदाच आलाय."

"पोराला नाय म्हणत मी." तिने लुगडं त्याच्या पायावर टाकलं, मला डोळ्यांनी आत बोलावलं. चुलीपाशी, वाफेत, तिचा चेहरा ओला दिसत होता. "हे बघ. शेक देते, हळद लावते, पेज घालते. एवढं पोराचं पोट भरलं की घरी पाठव. पण फायनलला त्याला घेतलंस ना, तर माझ्या चुलीवर पुन्हा वर्षभर गुडघा शिजवायला यायचं नाय. एक शिजवला. तो अजून शिजला नाय."

मी म्हटलं, फायनलला मुंबईहून एक माणूस येतोय, एका ऑफिसच्या टीमसाठी पोरं बघायला. संत्याला नोकरी लागेल. बोट सुटेल त्याची. आईने तपेल्याखाली लाकूड सारलं. पडवीतून संत्याचा आवाज आला, "काकी, आंबेहळद जरा जास्त लावा. बापूस विचारेल तर पडलो म्हणून सांगीन." आईने माझ्याकडे पाहिलं. मी सुद्धा बापाला पत्रात पडलो असंच लिहिलं होतं.

माझा नातू हल्ली मोबाइलवर परदेशातल्या मॅच बघतो. परवा म्हणाला, "आजोबा, ह्या क्लबने त्यांच्या सगळ्यात मोठ्या जुन्या खेळाडूला मॅनेजर केलं होतं, आज काढून टाकलं. बघा कसा उभाय." मी बघितलं. चांगला कोट घातलेला माणूस, पाऊस पडतोय, हात खिशात. त्याच्या मागे स्टेडियमवर त्याचंच भलंमोठं चित्र रंगवलेलं. नातू म्हणाला, "एवढा भारी प्लेअर आणि कोच एवढा फालतू कसा?" मी म्हटलं, त्याला जे येतं ते त्याच्या पायाला येतं रे, तोंडाला येत नाही. हे त्याला पटलं. दुसरं मी त्याला सांगितलं नाही. त्या माणसाची समोरच्या टीमशी मॅच चाललेलीच नसते. ती पाठीमागच्या चित्राशी चाललेली असते, आणि त्या चित्राला कुणी गोल मारू शकत नाही.

फायनल राजापूरशीच आली. यायलाच हवी होती. तोच कातळ, तीच सुरंगी, वारा खाऱ्या बाजूने. मुंबईचा माणूस पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसला होता. त्याच्यासाठी कुणीतरी शहाळं आणलं होतं आणि ते कुठे ठेवायचं ते त्याला कळत नव्हतं. संत्या पट्टी बांधून उतरला. मी त्याला घेतला होता. आईने सांगूनही घेतला होता. पहिल्या हाफमध्ये तो दोनदा नुसता जागेवर वळला आणि राजापूरची सगळी बचावफळी खाली बसली. मुंबईच्या माणसाने शहाळं जमिनीवर ठेवलं आणि पुढे सरकून बसला. मग एका उडीनंतर संत्या खाली आला आणि गुडघा आत गेला. तो पडला नाही. उभा राहिला, हसला, आणि हाफ टाइमपर्यंत एका पायावर खेळला. शून्य-शून्य.

हाफ टाइमला मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो. माझ्याजवळ बर्फाचा डबा होता. तो मी सोबत का घेतला होता ते मला माहीत नाही, त्या दिवशी सकाळी फॅक्टरीत जाऊन मीच भरून आणला होता. बर्फ गोणपाटात घातला. गुडघ्यावर धरला. संत्याने दात आवळले. आणि माझ्या तोंडातून आलं, "खेळशील?"

"खेळणार," संत्या म्हणाला.

तोच स्वर, तीच घाई. आणि त्या क्षणी, इतक्या वर्षांनी, मला भाऊंचा चेहरा आतून दिसला. आजवर तो मला समोरून, माझ्या गुडघ्याच्या जागेवरून दिसत आला होता. आता मी त्यांच्या जागेवर बसलो होतो. त्यांनी मला विचारलं नव्हतंच. एकोणीस-वीसच्या पोराला, लोक ओरडत असताना, "खेळशील?" असं विचारणं म्हणजे विचारणं नव्हे. त्याच्याकडे एकच उत्तर असतं, आणि ते विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. ते ठाऊक असूनच भाऊ दर रविवारी आमच्या पडवीत भाकरी खायला यायचे.

मागे लोक ओरडत होते, "घोरपड, घोरपड." संत्या उठला, एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि कोपऱ्यातल्या राखणदाराकडे बघून छातीला हात लावला. मी म्हटलं, "बस खाली."

"काय?"

"बस. बंड्या, तू जा."

बंड्या आमचा बदली खेळाडू. शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायचा, जोराचा वारा आला तर चेंडूआधी तोच वळायचा. तो शर्ट खोचायचा विसरून माझ्याकडे बघत राहिला. संत्याने माझा हात धरला. "दादा, ती माणसं बघतायत. तो मुंबईवाला बघतोय. तुम्ही खेळला होतात ना? तुम्ही तर असंच खेळला होतात."

"मी खेळलो होतो," मी म्हणालो. मला शिकवता येत नाही, हे मी आधीच सांगितलंय. नाहीतर मी त्याला तपेल्यातली वाफ, ते लुगडं, सगळं सांगितलं असतं. मी फक्त त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं आणि बर्फाची पट्टी पुन्हा धरली. त्याने माझा हात झटकला. बर्फ कातळावर सांडला आणि खुळखुळला.

आम्ही हरलो. शेवटी शेवटी एक साधा गोल झाला, रज्जाकच्या हाताखालून गेला. लोकांनी माझ्या अंगावर चपला टाकल्या नाहीत, आमच्याकडे तेवढं कुणी करत नाही, पण सगळे माझ्याकडे पाठ करून घरी निघाले, आणि ते जास्त लागलं. मुंबईचा माणूस शहाळं तिथेच टाकून गाडीकडे निघाला. संत्या त्याच्या मागे गेला, दोन पायांवर, काहीतरी सांगत. माणूस थांबला नाही. तात्या माझ्यापाशी आले आणि दगडाकडे बघून म्हणाले, "आज पुरं केलंस गाऱ्हाणं. उशिरा केलंस, पण केलंस." रज्जाक मात्र हातमोजे काढत म्हणाला, "देवाशी हिशोब झाला असेल तुझा. पोराशी कोण करणार?"

आठवड्याभरात मंडळाने नवा कोच नेमला. टोपी मी वहिनींना परत नेऊन दिली. त्यांनी ती उलटी करून आत पाहिलं आणि विचारलं, "त्यांना बोलायचं होतं तुझ्याशी. बोलले का रे कधी?" मी म्हटलं, हो, बोलले. त्या हाफ टाइमला बोलले. हे त्यांना कळलं नसेल. त्यांनी टोपी कपाटात ठेवली.

आई गेल्यावर तपेलं मी नळाखाली ठेवून दिलंय. निर्गुडी अजून परसात आहे. माझे दोन्ही गुडघे आता सारखेच कुरकुरतात. एवढ्या बाबतीत वयाने न्याय केला. आणि खरं सांगायचं तर मला अजून ठाऊक नाही. त्याचा गुडघा टिकलाही असता. कुणी सांगावं. काही गुडघे टिकतात. तो खेळला असता, गोल झाला असता, मुंबईला गेला असता, आणि आज गिरगावात कुठेतरी माझा फोटो लावून लोकांना सांगत असता, हे माझे कोच. काही रात्री मी ही दुसरी मॅच शेवटपर्यंत बघतो. ती आम्ही नेहमी जिंकतो, आणि दर वेळी शेवटी बांबू फाटल्याचा आवाज येतो की नाही, एवढ्यासाठी मी कान देऊन पडतो.

संत्या बोटीवर गेला. आता त्याची स्वतःची बोट आहे, नातवंडं आहेत. मिरकरवाड्यात मासळी घ्यायला गेलो की कधीतरी दिसतो. मला बघतो, नजर वळवतो, आणि मासळीची भरलेली पाटी खांद्यावर घेऊन बंदराच्या पायऱ्या चढून पलीकडच्या रस्त्याला लागतो. एवढी वर्षं झाली, तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. मी त्याला हाक मारत नाही. मी मासळीचा भाव विचारायचा सोडून उभा राहतो आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याचे पाय बघतो. सरळ पडतात. ओझं असूनही, त्या निसरड्या पायऱ्यांवरही, दोन्ही सरळ पडतात.